‘आम्ही’ आणि ‘आपण’ : एका बंदरनगरीचे चित्रपटातील आत्मचरित्र

इंग्रजीतील ‘वी’ हे सर्वनाम मराठीत आणताना अनुवादकाला प्रत्येक वेळी क्षणभर थांबावे लागते. बोलणारा आणि त्याची माणसे एवढाच अर्थ अभिप्रेत असेल, तर आपण ‘आम्ही’ म्हणतो; ऐकणाऱ्यालाही त्यात सामावून घ्यायचे असेल, तर ‘आपण’ म्हणतो. ‘आम्ही निघतो’ असे यजमानाला सांगणारा पाहुणा आणि ‘आपण निघू या’ असे म्हणणारा सोबती यांच्यातील अंतर मराठीत सर्वनामच सांगून टाकते. गुजराती भाषेत आणि तमिळ, तेलुगू यांसारख्या द्राविडी भाषांत हा भेद आहे. हिंदी आणि बंगालीत तो नाही. इंग्रजीतही तो नसल्यामुळे इंग्रजी लेखक ज्या संदिग्धतेत सुखाने वावरतो, तेथे आपल्याला निवड करावी लागते आणि निवड केली की अर्थ लावल्याची जबाबदारीही येते.

काही वर्षांपूर्वी एका लहानशा चित्रपट-मंडळासाठी टेरेन्स डेव्हिस यांच्या ‘ऑफ टाइम अँड द सिटी’ (२००८) या अनुबोधपटाच्या निवेदनाचा मराठी अनुवाद करण्याचे काम मी अंगावर घेतले, तेव्हा ही अडचण पहिल्या काही वाक्यांतच उभी राहिली. लिव्हरपूल या इंग्लंडमधील बंदरनगरीचे हे चित्रण. निवेदक स्वतः डेव्हिस. ते ‘वी’ म्हणतात तेव्हा त्या शब्दात कोण कोण असते? त्यांच्या घरची माणसे? त्यांच्या गल्लीतील कामकरी कुटुंबे? सारे शहर? की अंधारात बसलेले तुम्ही-आम्ही प्रेक्षक? प्रश्न व्याकरणाचा वाटला, तरी तो या चित्रपटाच्या गाभ्याशी जाणारा आहे, असे काम संपता संपता माझ्या ध्यानात आले. त्यातील ‘आम्ही’ कोठे ‘आपण’ होऊ शकतो आणि कोठे होऊ शकत नाही, हे पाहिले म्हणजे त्या कृतीचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा दोन्ही उलगडतात.

शहर हा विषय चित्रपटाला नवा नाही. मूकपटाच्या अखेरच्या वर्षांत युरोपात ‘नगर-सिंफनी’ म्हणून ओळखला जाणारा एक प्रकारच निर्माण झाला. वाल्टर रुटमान यांनी १९२७ साली बर्लिनचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत संगीतरचनेच्या घाटात बांधला. झिगा वेर्तोव्ह यांनी १९२९ मध्ये मॉस्को, कीव्ह आणि ओडेसा येथील चित्रणांतून एक कल्पित शहर उभे केले. झां व्हिगो यांनी १९३० मध्ये नीस या समुद्रकाठच्या विलासनगरीची टवाळी केली; आणि पुढच्याच वर्षी तरुण मानोएल द ओलिव्हेरा यांनी पोर्तो येथे दोरू नदीच्या काठची हमालांची व होड्यांची धावपळ टिपली. या सर्व कृतींत डोळा आहे, लय आहे, यंत्रांविषयीचे कौतुक किंवा श्रीमंतांविषयीचा उपहास आहे. ‘मी’ मात्र नाही. शहर ही पाहण्याची वस्तू आहे आणि पाहणारा अदृश्य आहे. पुढे १९६३ साली योरिस इव्हेन्स यांनी चिलीमधील व्हालपरायसो या बंदरावर चित्रपट केला, त्याचे निवेदन क्रिस मार्कर यांनी लिहिले. तेथे शब्दांना चित्राशी बरोबरीचे स्थान मिळाले. पण तो शब्दही पाहुण्याचाच होता. ज्या शहराने आपल्याला घडविले आणि दुखविलेही, त्याच शहराविषयी बोलणारा घरचा आवाज या परंपरेत विरळाच. डेव्हिस यांचे वेगळेपण येथे सुरू होते.

या आवाजाचे मोल कळण्यासाठी शहराची थोडी ओळख हवी. मर्सी नदीच्या मुखाशी वसलेल्या लिव्हरपूलमध्ये १७१५ साली भरतीओहोटीची पर्वा न करता जहाजे उभी करता येतील अशी बंदिस्त गोदी बांधण्यात आली. अठराव्या शतकात या बंदराची भरभराट गुलामांच्या व्यापारावर झाली. ब्रिटिश संसदेने १८०७ मध्ये त्या व्यापाराला बंदी केली, तोपर्यंत त्यात लिव्हरपूलची जहाजे आघाडीवर होती. एकोणिसाव्या शतकात कापूस आला. १८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्ग सुरू झाला आणि बंदर व गिरण्या एका सूत्रात गुंफल्या गेल्या. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, तेथील कापूस बंद झाला तेव्हा लिव्हरपूलच्या बाजाराची नजर मुंबईकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला आणि युद्ध थांबताच १८६५ साली तो ओसरून कित्येक पेढ्या बुडाल्या. या दोन बंदरांची नाळ अशी जुनी आहे.

नदीकाठाने सुमारे ७ मैल गोद्या पसरल्या होत्या. त्यांच्या कडेने १८९३ पासून एक उन्नत रेल्वे धावत असे. पावसात तिच्या खालून चालत जाणाऱ्या कामगारांनी तिला ‘गोदीवाल्यांची छत्री’ असे नाव दिले होते. १९५६ च्या अखेरीस ती बंद झाली आणि लवकरच मोडून काढण्यात आली. साम्राज्य आटोपले, व्यापाराचे तोंड युरोपकडे वळले, पेटाऱ्यांची अवजड वाहतूक सुरू झाल्यावर हमालांची गरज उरली नाही. साखरेचा मोठा कारखाना १९८१ मध्ये बंद पडला. १९३१ च्या सुमारास साडेआठ लाख असलेली लोकवस्ती २००१ च्या शिरगणतीत ४ लाख ४० हजारांच्या आसपास आली होती. निम्मे शहर निघून गेले, असे म्हणण्यास हरकत नाही. त्याच शहराला २००८ साठी युरोपची सांस्कृतिक राजधानी हा मान मिळाला. त्या निमित्ताने अल्प खर्चात ३ चित्रपट काढण्याची योजना आखली गेली, त्यांपैकी एक डेव्हिस यांच्या वाट्याला आला.

सोहळ्याच्या वर्षी शहराने गौरवगीताची अपेक्षा करावी आणि कवीने विलापिका लिहून द्यावी, असा हा प्रकार झाला. १९४५ साली एका कामकरी कॅथलिक कुटुंबात जन्मलेले, दहा भावंडांतील सर्वांत धाकटे डेव्हिस शाळा सोडल्यावर काही वर्षे एका जहाज-कंपनीच्या कचेरीत कारकून होते. पुढे ते शहर सोडून गेले. परंतु ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज’ (१९८८) आणि ‘द लाँग डे क्लोजेस’ (१९९२) या दोन्ही कथापटांत ते पुन्हा त्याच घरात, त्याच जिन्यापाशी परतलेले दिसतात. अनुबोधपट मात्र त्यांनी यापूर्वी कधी केला नव्हता. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यामुळे हा चित्रपट आता त्यांच्या आत्मचरित्राचे एक प्रकरण म्हणूनही पाहावा लागतो.

हे आत्मचरित्र बहुतांशी उसन्या सामग्रीचे आहे, ही त्याची सर्वांत विलक्षण गोष्ट. सुमारे सव्वा तासाच्या या चित्रपटातील बहुतेक जुनी दृश्ये इतरांनी, इतर हेतूंनी टिपलेली आहेत: वार्तापट, दूरचित्रवाणीचे कार्यक्रम, अनुबोधपट. सार्वजनिक धुणीघरात कपडे पिळणाऱ्या स्त्रिया, दगडी रस्त्यावर खेळणारी पोरे, पायऱ्या घासणाऱ्या गृहिणी, फेरीबोटीतून न्यू ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुट्टी घालविण्यास निघालेली कुटुंबे. यांतील एकही चेहरा निवेदकाच्या नात्यातला नाही. तरीही तो आपल्या आईविषयी बोलू लागला की पडद्यावरची कोणतीही डोक्याला रुमाल बांधलेली बाई त्याची आई होते. शब्दही पुष्कळसे उसने आहेत. आरंभीच हाऊसमन यांची हरवलेल्या प्रदेशाविषयीची कविता येते, पुढे एलियट यांच्या ‘फोर क्वार्टेट्स’मधील ओळी येतात. संगीत लिस्ट आणि माहलर यांचे आहे, तसेच रेडिओवरच्या गाण्यांचेही आहे. स्वतःचा म्हणावा असा केवळ आवाज: खोल, काहीसा नाटकी, क्षणात भक्तिभावाने भरलेला तर क्षणात जिभेला धार लावलेला. कामकरी वस्तीचे हेल त्यात उरलेले नाहीत. ज्या वर्गाविषयी तो बोलतो, त्या वर्गाची बोली त्याने केव्हाच मागे टाकली आहे. आणि ही गोष्ट तो लपवीत नाही.

अनुवादकाला या पद्धतीविषयी आपुलकी वाटावी हे स्वाभाविक आहे. परक्याचे शब्द घेऊन त्यांत आपला सूर लावणे हाच त्याचा व्यवसाय. परंतु उसनवारीला एक नीतीही असते. घेतलेल्या वस्तूचे मूळ वजन कायम ठेवून तिला नव्या जागी बसविता आले पाहिजे. डेव्हिस यांना ते कसे साधते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे घरांचा प्रसंग.

महायुद्धानंतर लिव्हरपूलमधील जुन्या दाटीवाटीच्या वस्त्या पाडून त्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या करण्यात आल्या. एव्हर्टनच्या उंचवट्यावर १९६० नंतरच्या दशकात असे मनोरे आले आणि त्यांपैकी कित्येक वीस-पंचवीस वर्षांतच पाडावे लागले. चित्रपटात हा इतिहास सांगितला जात नाही. पेगी ली यांच्या आवाजातले ‘द फोक्स हू लिव्ह ऑन द हिल’ हे गाणे सुरू होते. टेकडीवर घर बांधून तेथे सुखाने म्हातारे होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या एका जोडप्याचे हे जुने, मृदू गाणे. आणि त्यावर दिसतात त्या पडक्या भिंती, ओस मैदाने, सिमेंटचे उंच सांगाडे, खिडकीशी एकट्या बसलेल्या वृद्धा. उपहास येथे उघड आहे. पण प्रसंग केवळ उपहासावर उभा असता, तर दुसऱ्यांदा पाहताना फिका पडला असता. गाणे आणि चित्र एकमेकांना खोटे ठरवीत नाहीत. त्या वृद्धांनीही कधीतरी हे गाणे रेडिओवर ऐकून तेच स्वप्न पाहिले असणार, अशी जाणीव हळूहळू होते; त्यांना मिळालेली टेकडी आणि गाण्यातली टेकडी यांच्यातील अंतर हे मग नगररचनाकारांच्या चुकीपुरते राहत नाही. निवेदक या वेळी गप्प असतो. सर्वनामाचा प्रश्नच येथे उद्भवत नाही, आणि नेमक्या याच ठिकाणी ‘आम्ही’चा ‘आपण’ होतो. कोणत्याही शहरातल्या कोणत्याही प्रेक्षकाला आपले घर आठवते.

याउलट काही ठिकाणी ‘आम्ही’ हाच शब्द हवा. १९५३ च्या राज्याभिषेकाची दृश्ये येतात तेव्हा डेव्हिस यांचा आवाज कडवट होतो. सोन्याचा रथ, लवाजमा, आणि त्याच राज्यातील ओल धरलेल्या खोल्या हे शेजारी शेजारी ठेवले जातात. राणीच्या घराण्याची तो जी थट्टा करतो, ती सभ्यतेच्या कडेवरची आहे. येथे ‘आपण’ लिहिले, तर वाक्याचा राग निघून जातो, कारण या रागाला समोर एक ‘ते’ हवे आहेत. बीटल्सचा प्रसंग अधिक गमतीचा आहे. ज्यांच्यामुळे साऱ्या जगाला लिव्हरपूल हे नाव ठाऊक झाले, त्या चौघांना डेव्हिस खेड्यापाड्यातील वकिलांच्या पेढीची उपमा देऊन मोकळे होतात आणि आपण त्याच सुमारास माहलर, शोस्टाकोविच यांच्या संगीताकडे वळल्याचे सांगतात. शहराच्या सर्वांत लाडक्या ‘आम्ही’मधून हा माणूस हसत हसत बाहेर पडतो.

बाहेर पडण्याचे खरे कारण मात्र हसण्यासारखे नाही. डेव्हिस पुरुषांकडे आकर्षित होणारे होते आणि इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत तो कायद्याने गुन्हा होता. ज्या धर्मात ते श्रद्धेने वाढले, त्यात ते घोर पाप होते. कुस्तीच्या आखाड्यात उमजलेली वासना आणि चर्चमध्ये गुडघे सोलेपर्यंत केलेली प्रार्थना यांची हकीकत ते थोडक्यात, जवळजवळ रुक्षपणे सांगतात. चित्रपटातील ‘मी’चा जन्म या हकीकतीत आहे. गल्ली, घर, चर्च या सर्वांचा ‘आम्ही’ त्या मुलाला आपलासा वाटत होता, पण त्या ‘आम्ही’ला त्याचे खरे रूप कळले असते तर त्याने त्याला बाहेर काढले असते. म्हणून या विलापिकेत गतकाळाचा गौरव आणि गतकाळाविषयीचा संताप ही दोन टोके एकाच वाक्यात राहू शकतात. जे ठिकाण आवडते त्याचाच तिटकारा येतो, आणि सोडून गेल्यावर आयुष्यभर तेच परत मिळविण्याची धडपड चालते, अशा अर्थाचे एक विधान निवेदनात आहे. तेथे मात्र मी निःशंकपणे ‘आपण’ लिहिले.

आता मर्यादांविषयी. वैयक्तिक आठवणीचा प्रकाश जेथे पडत नाही तेथे या चित्रपटात अंधार आहे. युरोपातील सर्वांत जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांपैकी एक लिव्हरपूलमध्ये आहे, आणि गुलामांच्या व्यापाराच्या इतिहासाशी तिचा संबंध उघड आहे. या चित्रपटात त्यांना फारच थोडी जागा मिळते. टॉक्स्टेथ भागात १९८१ च्या जुलैत उसळलेला असंतोष, १९९५ ते १९९८ पर्यंत चाललेला गोदी कामगारांचा लढा, हे शहराच्या चरित्रातील निर्णायक प्रसंग. कवीच्या चरित्रात ते नाहीत, कारण तोवर तो निघून गेला होता. केन लोच यांनी याच गोदी कामगारांवर १९९६ मध्ये ‘द फ्लिकरिंग फ्लेम’ हा अनुबोधपट केला. त्यात कामगार आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया स्वतः बोलतात. त्यांच्या तोंडचा ‘वी’ हा संपाच्या सभेतला असल्याने त्याला ‘आम्ही’ याखेरीज दुसरा शब्द नाही. डेव्हिस यांच्या चित्रपटातही जुन्या चित्रणांतील काही सामान्य माणसांचे आवाज येतात. पण ते येतात आणि विरतात, सूत्र निवेदकाच्याच हाती राहते. ही उणीव मानावी काय? वैयक्तिक काव्याकडे सामाजिक इतिहासाचा हिशेब मागणे रास्त नाही, असे उत्तर आपल्या समीक्षेत नेहमी दिले जाते. ते मला अर्धेच पटते. कृतीच्या नावात कवीने ‘शहर’ हा शब्द घातला आहे. त्यामुळे ‘कोणाचे शहर?’ हा प्रश्न त्याने स्वतःच ओढवून घेतला आहे.

त्याचे प्रामाणिक उत्तर चित्रपटाच्या उत्तरार्धात मिळते. कृष्णधवल जुनी चित्रे मागे पडतात आणि आजचे रंगीत लिव्हरपूल येते. गोद्यांच्या जागी उपाहारगृहे, दिव्यांनी सजलेल्या इमारती, रात्री हिंडणारी तरुण मुले. या दृश्यांत निवेदकाला काही आठवत नाही, कारण आठवण्यासारखे त्याचे येथे काहीच नाही. तो आपल्याच गावात परका झाला आहे, हे तो कबूल करतो. नव्या पिढीला दोष देण्याची सोपी वाट तो घेत नाही. लहान मुलांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा ममतेने रेंगाळतो. शहर मेले नाही. कवीचे शहर संपले आहे, आणि या दोन गोष्टींत फरक आहे, एवढे शहाणपण या विलापिकेत आहे. पुढे काळानेही त्यावर भाष्य केले. लिव्हरपूलच्या ज्या सागरी परिसराला २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला होता, तो नव्या बांधकामांमुळे २०२१ मध्ये काढून घेण्यात आला.

अनुवाद दाखविला गेला त्या संध्याकाळी प्रेक्षकांत परळच्या एका गिरणीत साच्यावर काम केलेले एक वयस्क गृहस्थ होते. त्यांना लिस्ट ठाऊक नव्हता, एलियट ठाऊक नव्हता. चित्रपट संपल्यावर ते मला म्हणाले, “त्या बाईच्या गाण्यातलं घर टेकडीवर आहे. आमचं भोंग्याच्या खाली होतं. पण ती म्हातारी खिडकीत बसते ना, तिला मी ओळखलं.” मी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा घोळ घालीत बसलो होतो, त्यांनी तीन वाक्यांत ‘आमचं’ही म्हटले आणि ‘ओळखलं’ही.

मुंबईतील गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे राहिले नाही. साहित्याने त्याची दखल घेतली. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ १९९७ मध्ये आले. त्याही आधी, गिरणी धडधडत असतानाच, नारायण सुर्वे यांनी कवितेत असा एक ‘मी’ घडविला होता की ज्याला ‘आम्ही’पासून वेगळे काढणे अशक्य व्हावे; गिरणी कामगाराने उचलून वाढविलेल्या त्या अनाथ मुलाच्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) असावे, यात सर्व काही आले. अरुण खोपकर यांनी २००२ मध्ये सुर्वे यांच्यावर जो चित्रपट केला, त्यात कवी आणि कामगारवस्ती यांचे हे अद्वैत पडद्यावर आले आहे. डेव्हिस यांचा ‘मी’ समूहातून निखळलेला, सुर्वे यांचा समूहात रुजलेला. शहराचे आत्मचरित्र लिहिण्याच्या या दोन वाटा आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

वार्तापटांच्या आणि अनुबोधपटांच्या संग्रहांत जुन्या मुंबईची पुष्कळ चित्रे पडून आहेत. चित्रे उसनी मिळू शकतात, कविता आणि गाणीही मिळू शकतात, हे डेव्हिस यांनी दाखवून दिले आहे. उसना मिळत नाही तो आवाज. १९८२ मध्ये साच्यावर उभे असलेले तरुण आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्यापैकी कोणी बोलू लागला, तर तो ‘आम्ही’ म्हणेल. त्या शब्दाचा घाईने ‘आपण’ करू नये, एवढे मला या अनुवादाने शिकविले. तो पूर्ण ऐकून घेतला, तर ‘आपण’ व्हायचा तेव्हा तो आपोआप होतो.